दोन्हीवर २४५/७५ आर १६, पट्टीवर १६ मिमीचा फरक

नागपूर-काटोल रोडवर फेटरीच्या अलीकडे एक चहाची टपरी आहे, तिथं मे महिन्याच्या शेवटी, ऐन नवतपात, माझा मावसभाऊ थारमध्ये बसून फोर बाय फोरचा (इंजिनची ताकद चारही चाकांना देणारा) दांडा दोन्ही हातांनी ओढत होता आणि तो काही निघत नव्हता. मागच्या चाकांना नवेकोरे टायर टाकून जेमतेम पाच दिवस झाले होते. मी बाजूला उभा राहून आधी हसलो, मग शिव्या खाल्ल्या, मग मीही ओढून पाहिलं. दांडा फोर-हायमध्ये, म्हणजे चारही चाकं जोडलेल्या जागी, जाम.

"दादा, ट्रान्सफर केस गेली का बे?" मी विचारलं. (ट्रान्सफर केस म्हणजे ताकद पुढं-मागं वाटणारी गिअरची पेटी.)

"गप रे. पाच दिवसांपूर्वी ठीक होतं सगळं. टायरवाल्या शेठनं तर म्हटलं का साइज सेम आहे, डोळे झाकून टाका."

हे डोळे झाकून टाका प्रकरण पुढं आम्हाला आठवडाभर पुरलं, म्हणून पूर्ण लिहून काढतोय, आकड्यांसकट.

आधी गाडी. २०२१ ची डिझेल थार, मॅन्युअल, १६ इंची चाकंवाली, सेकंड हँड घेतलेली. पहिल्या मालकानं लोखंडी रिम काढून ॲलॉय लावलेले, त्यावर एटी (ऑल टेरेन, रस्ता आणि माती दोन्हीला चालणारे) टायर, ते जवळजवळ तीस हजार किलोमीटर पळालेले. दादाची काटोलकडं संत्र्याची बाग आहे आणि जमीन काळी. ज्यांनी काळ्या मातीत गाडी घातली नाही त्यांना सांगून कळत नाही, ती माती चिखल होत नाही, ती लगदा होते, टायरच्या नक्षीत भरते आणि मग टायर चकचकीत गुळगुळीत बेलणं होऊन जागच्या जागी फिरतो. त्यामुळं दादाला एमटी (मड टेरेन, चिखलाचे) पाहिजे होते, मोठ्या खाचांचे, जे फिरता फिरता माती फेकून देतात. चार घ्यायचे तर खिशाला जड, म्हणून आधी दोन, मागं टाकू, पुढचे दिवाळीनंतर पाहू. दुकानदार म्हणाला पुढं-मागं नक्षी वेगळी असली तरी काही फरक नाही पडत, साइज तर तीच आहे ना, आणि वर म्हणाला हा टायर "३१ मध्ये येतो", म्हणजे ३१ इंच व्यासाचा, तेव्हा गाडी जरा उंचही होईल. दादा खूश.

त्या दिवशी अवकाळी पाऊस फक्त बागेकडं पडला. चिखलातून निघायला दादानं फोर-हाय लावलं, एमटीनं काम चोख केलं, आणि मग रोडला लागल्यावर गप्पांच्या नादात दांडा काढायचा राहून गेला. बारा-तेरा किलोमीटर आम्ही कोरड्या डांबरावर फोर बाय फोरमध्ये आलो. वळणावर पुढून टायर घासल्यासारखा किचकिच आवाज येत होता, ॲक्सिलरेटर सोडला की कोणीतरी मागून धरल्यासारखी गाडी दबायची. टपरीवर थांबलो तर दांडा निघेना.

उपाय तसा सोपा होता, टपरीवाल्यानंच सांगितला, तो कधीकाळी जीप चालवायचा म्हणे: "मागं घ्या ना थोडी, मातीत घ्या." साइडपट्टीच्या भुसभुशीत मातीत चार-पाच मीटर सरळ रिव्हर्स घेतली आणि खटकन आवाज होऊन दांडा स्वतःच सुटला. ताण निघून गेला. पण ताण आला कुठून?

आता हे मान्य की कोरड्या डांबरावर फोर-हायमध्ये चालवणं ही चूकच. थारसारख्या पार्ट टाइम फोर बाय फोरमध्ये पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या मध्ये डिफ्रन्शियल (दोन बाजूंना वेगवेगळे फेरे घेऊ देणारी गिअरची जोडणी) नसतो, फोर-हाय लावलं की दोन्ही शाफ्ट एकमेकांना बांधले जातात आणि दोन्हीकडचे फेरे सारखे व्हावेच लागतात. वळणावर पुढची चाकं जास्त लांबून जातात म्हणून थोडा ताण सगळ्यांच्याच गाडीत येतो. पण हीच चूक दादानं आधीही दोन-तीनदा केली होती, याच रोडवर, आणि दांडा कधी असा अडकला नव्हता. बदललं होतं काय तर फक्त मागचे टायर. आणि त्यांची साइज तर सेम!

म्हणून मोजायचं ठरवलं.

टायरवर २४५/७५ आर १६ लिहिलेलं असतं ते पाहिलं तर हिशोब सरळ आहे. २४५ मिमी रुंदी, तिच्या ७५ टक्के म्हणजे १८३.७५ मिमी बाजूची उंची, ती वर आणि खाली दोनदा, अधिक १६ इंची रिम म्हणजे ४०६.४ मिमी. बेरीज ७७३.९ मिमी, इंचात साडेतीस. आता लोकांना वाटतं की साइज म्हणजे शर्टाच्या कॉलरसारखी, लिहिली तेवढीच. तसं नाहीये. हा कागदावरचा आकडा आहे, ज्याला नॉमिनल म्हणतात. युनोचं कार टायरचं रेग्युलेशन ३० बघितलं तर रेडियल टायरच्या बाजूच्या उंचीला ३ टक्के कमी आणि ४ टक्के जास्त अशी सूट आहे. आपल्या साइजला ती लावली तर व्यास ७६३ पासून ७८८ मिमीपर्यंत कुठंही असू शकतो आणि तरी टायरवर २४५/७५ आर १६ छापता येतं. पंचवीस मिमी! म्हणजे एक कंपनी खालच्या टोकाला आणि दुसरी वरच्या टोकाला, दोघीही नियमात, दोघीही खऱ्या. एमटीच्या खाचा खोल असतात म्हणून ते बरेचदा वरच्या बाजूला सरकतात, रस्त्यावरचे टायर खालच्या बाजूला. दुकानदार खोटं बोलला नव्हता, त्यानं फक्त साइडवॉल वाचली होती.

कंपन्या आपापल्या माहितीपत्रकात प्रत्यक्ष व्यास देतात, तो वेगळा रकाना असतो, तिकडं गिऱ्हाईक बघतच नाही. आमच्या एमटीचा ७८० मिमी दिलेला होता आणि एटीचा ७७४.

घरी मोजायची पद्धत शोधायला एक अख्खी संध्याकाळ गेली. पहिल्यांदा दादानं टायरवर आडवी फळी ठेवली, मिस्त्रीची लेव्हल ठेवून सरळ केली आणि जमिनीपर्यंत टेप लावला. चार वेळा मोजलं, चार वेगळे आकडे आले, कारण एमटीच्या गोट्या (नक्षीतले रबराचे ठोकळे) इतक्या उंच-सखल की फळी कधी गोटीवर बसते कधी खाचेत कलते. मग माझ्या डोक्यात आलं की व्यास नकोच, परीघ मोजू. परीघात ३ मिमीची चूक झाली तरी व्यासात १ मिमीचीच होते, ३.१४ नं भागलं की चूकही भागली जाते. शिंप्याचा टेप दीड मीटरचा, पुरत नाही. सुतळी ताणली की वाढते. शेवटी बागेतून आणलेली, संत्र्याच्या पेट्या बांधायची प्लॅस्टिकची पट्टी सापडली, ती ताणत नाही, टायरला छान चिकटून बसते. गाडी जॅकवर, चाक हवेत, पट्टी टायरच्या बरोबर मधोमध गुंडाळायची, जिथं टोक टोकाला भेटतं तिथं ब्लेडनं खूण, मग पट्टी फरशीवर पसरून स्टीलच्या टेपनं मोजायची. फरशीला पट्टी पायाच्या अंगठ्यानं दाबून धरायचं काम पुतण्याकडं होतं आणि त्याबद्दल त्यानं दोन कुल्फ्या वसूल केल्या.

हवा सगळीकडं ३२, सकाळी सहा वाजता भरलेली. हे महत्त्वाचं आहे, कारण नवतपात दुपारी एकला त्याच टायरमध्ये गेजनं ३५ दाखवलं, उन्हात उभी होती गाडी.

मागचे एमटी: परीघ २४३८ आणि २४३६ मिमी, म्हणजे व्यास ७७६ आणि ७७५. पुढचे एटी: २३८८ आणि २३९१, म्हणजे ७६० आणि ७६१. आणि स्टेपनी, जी पुढच्याच सेटमधली पण एकदाही न वापरलेली, ती २४२६, म्हणजे ७७२.

या पाच आकड्यांकडं आम्ही बराच वेळ नुसतं बघत बसलो. स्टेपनीनं एक गोष्ट साफ केली: एटी नवा असतानाच ७७४ ऐवजी ७७२ होता, ते दोन मिमी चालतात. बाकीचे १२ मिमी झिजीत गेले. नव्या स्टेपनीची खाच ११ मिमी खोल होती, पुढच्या टायरची ५ राहिली होती, झीज ६ मिमी, आणि ती वर-खाली दोन्हीकडून जाते म्हणून व्यास १२ नं कमी. हिशोब इतका तंतोतंत बसला की दादानं माझ्या पाठीवर थाप मारली. एमटी मात्र जाहिरातीतल्या ७८० पेक्षा ४ मिमी कमीच भरला. त्यातही गंमत अशी की आदल्या संध्याकाळी, दुकानात पंक्चरच्या कारणानं काढून परत चढवल्यावर, मी त्याच टायरला पट्टी लावली होती तेव्हा २४३३ आले होते. रात्रभरात पाच मिमी वाढला. टायर मोजायच्या अधिकृत पद्धतीतही नेमलेल्या रिमवर चढवून, ठरलेली हवा भरून, २४ तास साध्या तापमानात ठेवायचा आणि मग हवा परत बरोबर करून मोजायचा असंच आहे, तेव्हा कळलं का आहे ते. दुकानात चढवल्या चढवल्या टेप लावून "अरे कमी भरतो" म्हणून भांडणारे बरोबर नसतात.

म्हणजे पुढं ७६० आणि मागं ७७६. एकाच साइजचे टायर, आणि फरक १६ मिमी, दोन टक्क्यांहून जास्त.

पण हवेतला व्यास म्हणजे रस्त्यावरचा नव्हे. गाडीचं वजन पडलं की टायर खाली चपटतो. म्हणून आम्ही कॉलनीच्या सिमेंट रोडवर दुसरी मोजणी केली, ती खरी कामाची. पुढच्या आणि मागच्या टायरला जमिनीला टेकतो तिथं खडूनं खूण, खाली रोडवर खूण, गाडी न्यूट्रलमध्ये ढकलत पाच फेरे पुढं, परत खूण. मागचे पाच फेरे ११ मीटर ८३ सेंटीमीटर. पुढचे पाच फेरे ११ मीटर ६० सेंटीमीटर. तेवीस सेंटीमीटर फरक पाच फेऱ्यांत, एका फेऱ्याला साडेचार सेंटीमीटरच्या वर. (टायरवाले रेडियलचा फिरता परीघ काढायला व्यासाला ३.१४ ऐवजी ३.०५ नं गुणतात, आमच्या आकड्यांना लावून पाहिलं, जवळपास तेच आलं, तेव्हा ढकलणं वाया गेलं नाही याचं समाधान.)

किलोमीटरला मागचं चाक ४२३ फेरे मारतं आणि पुढचं ४३१. आठ फेऱ्यांचा फरक, प्रत्येक किलोमीटरला. टू-हायमध्ये, म्हणजे ताकद फक्त मागच्या चाकांना असताना, याला कोणी विचारत नाही, जो तो आपला फिरतो. फोर-हायमध्ये दोघांचे फेरे सारखे व्हायचे म्हणजे हे आठ फेरे कुठंतरी घसरून जिरले पाहिजेत. चिखलात जिरतात, बागेत कळलंसुद्धा नाही. डांबरावर टायर घसरत नाही म्हणून शाफ्ट पिळत राहतात, आणि सरळ रोडवरसुद्धा पिळतात, वळण यायची गरजच नाही. बारा किलोमीटरमध्ये शंभर फेरे. किचकिच आवाज तोच होता, थोडं पिळणार, मग टायर झटका मारून घसरणार, परत पिळणार. दांडा निघेना कारण आतल्या गिअरचे दात दातावर दाबून बसले होते, रिव्हर्सला पीळ उलटा सुटला. आधी चारही एटी सारखे झिजलेले होते म्हणून त्याच चुकीला गाडी माफ करत होती.

उंचीचं काय झालं तेही सांगून टाकतो, कारण "३१ मध्ये येतो" ऐकून दादा गाडी उंच होण्याची स्वप्नं बघत होता. ३१ इंच म्हणजे ७८७ मिमी, आमचा ७७६, म्हणजे साडेतीस इंचच. त्यात जमिनीपासून हबच्या मध्यापर्यंत, गाडी चाकांवर उभी असताना, मागं ३७१ मिमी आणि पुढं ३६२ भरलं. मागच्याचं दुप्पट केलं तर ७४२, म्हणजे सव्वा एकोणतीस इंच. टायरचं अर्धंच वाढतं ना खाली, व्यास १६ नं वाढला तर ॲक्सल फार तर ८ मिमी वर जातो, एका बोटाच्या जाडीपेक्षा कमी. दादा म्हणाला, "एवढ्यासाठी मी पैसे मोजले काय?" मी म्हटलं नाही रे, पैसे तू खाचांसाठी मोजले, उंची शेठनं बोलून वाढवली.

रुंदीतही तसंच. ॲलॉयच्या आतल्या बाजूला ८जे, म्हणजे रिम ८ इंच रुंद, असं ठोकलेलं सापडलं. २४५/७५ आर १६ ची रुंदी मोजायचा नेमलेला रिम ७ इंची असतो, आणि रिम अर्धा इंच वाढला की टायर साधारण ५ मिमी फुगतो, म्हणजे इथं १० मिमी. मिस्त्रीचे दोन गुण्ये टायरच्या दोन्ही बाजूंना उभे लावून मोजलं तर पुढं २५४, मागं २५६. आणि एमटीच्या खांद्यावरून खाली उतरणाऱ्या गोट्या धरल्या तर २६३, ज्या २४५ मध्ये कुठंच धरलेल्या नसतात. उलट जमिनीला टेकणारा पट्टा एटीचा १९२ आणि एमटीचा २०८. "चोवीस सेंटीमीटर चौडा" म्हणून जो विकला जातो तो रस्त्याला एकवीससुद्धा देत नाही, २४५ ही पोटाची रुंदी आहे, तळपायाची नाही.

मग आम्ही दुकानात गेलो. पट्टी सोबत होती. शेठ परत घ्यायला तयार नव्हता, आणि खरं सांगायचं तर वापरलेले टायर का घ्यावे त्यानं. त्याचा सल्ला असा की चारही काढून २६५/७५ टाका, गाडी भारी दिसते. ते ८०४ मिमी होतं, आरसी आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा (गाडीत बदल करण्याबद्दलचं) झमेला वेगळा, मडगार्डला आणि खिशाला घासलं ते वेगळं. नाही म्हटलं.

दादापुढं रस्ते दोनच होते: एमटी विकून झिजलेल्या एटीच्या जोडीचे शोधायचे, जे मिळणं मुश्कील, नाहीतर दिवाळीची वाट न बघता अजून दोन एमटी घ्यायचे आणि तोवर फोर-हायला फक्त चिखलात हात लावायचा. घेतले. यावेळी मात्र पैसे द्यायच्या आधी टायर रिमवर चढवून घेतले, ३२ हवा भरून घेतली, आणि दुकानाच्या शटरसमोर पट्टी लावली. दुकानातला पोरगा विचारत होता, "भाऊ, कपडे शिवाचे हायेत का टायरले?" २४३२ आणि २४३३ आले. म्हणजे पहिल्या जोडीचा चढवल्या चढवल्या आला होता तोच आकडा, उद्यापर्यंत २४३७-२४३८ होतील असं मी म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी २४३७ झाले, दोन्ही.

पुढं एमटी लावल्यावर एक नवीन लफडं निघालं, स्टिअरिंग पूर्ण वळवलं की त्या २६३ वाल्या गोट्या मागच्या बाजूला मडगार्डच्या आतल्या प्लॅस्टिकला घासायच्या. ड्रायव्हर साइडला जास्त. ॲलॉय ७ इंची असते तर बहुतेक वाचलो असतो. प्लॅस्टिक गरम हवेच्या गननं नरम करून आत ढकललं, घासणं बंद.

ॲव्हरेजवरून घरात भांडण झालं ते वेगळं. आधी साडेबारा मिळायचं, आता साडेअकरा दिसतं. त्यातला थोडा भाग खोटा आहे: टायर दोन टक्क्यांनी लांब झाला म्हणून ओडोमीटर शंभर किलोमीटरला अठ्ठ्याण्णवच मोजतो, साडेबाराचे सव्वाबारा तर तिथंच होतात. उरलेला पाऊण मात्र एमटीच्या वजनाचा आणि गोट्यांचा आहे, तो खरोखर जळतो. वहिनीला हे समजावताना दादानं ओडोमीटरवरच सगळं ढकललं, मी गप्प राहिलो.

जुलैत बागेत चांगला पाऊस झाला तेव्हा परत गेलो. चिखलातून निघताना फोर-हाय, रोड लागला की दांडा एका बोटानं टू-हायमध्ये. मुद्दाम शंभर मीटर कोरड्यावर फोर-हायमध्ये सरळ चालवूनही पाहिली, आवाज नाही, ओढ नाही, दांडा लोण्यासारखा निघाला.

स्टेपनी तीच जुनी एटी आहे. पंक्चर झालं आणि ती लागली तर एका बाजूला ४ मिमीचा फरक राहतो, घरापर्यंत टू-हायमध्ये चालतं तेवढं. दादानं तिच्यावर खडूनं मोठ्ठं ७७२ लिहून ठेवलंय, पावसात धुऊन गेलं की परत लिहितो.